घराचे काँक्रीट आणि फरशी : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाची संहिता)



एकरी किती बियाणे लागते, खताच्या किती गोणी पडतात, फवारणीला पंपामागे किती औषध घ्यायचे, हे आपण तोंडपाठ सांगता. पण घराचे काम निघाले की हाच हिशेबी शेतकरी मिस्त्रीने सांगितलेला चौरस फुटाचा ठोक भाव ऐकतो, पाच-दहा रुपये कमी करून घेतो आणि विसार देऊन मोकळा होतो. त्या भावात काँक्रीट किती इंच जाडीचे, सिमेंट किती, खालचा भराव कोणाचा, पाणी कोण मारणार, यातले काहीच ठरलेले नसते. ठरलेले असते ते एकच : वर कोणती फरशी आणि कोणता रंग. आज मला याच विषयावर आपल्याशी बोलायचे आहे. सगळे घर घेत नाही. घराची जमीन, ओटा, अंगण, खळे आणि गोठा, म्हणजे पायाखालचे काँक्रीट आणि त्याचा पृष्ठभाग, एवढ्यापुरतेच बोलतो.

हा विषय छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात का निकडीचा आहे, हे आपणच जास्त जाणता. शेंद्रा आणि बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या. समृद्धी महामार्गासाठी वैजापूर, गंगापूरकडच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मोबदल्याचा पैसा हातात आला आणि बहुतेकांनी प्रथम घर काढले, ते स्वाभाविकही आहे. ज्यांना असा मोबदला मिळाला नाही, ते मका, कापूस, आले किंवा मोसंबीच्या एखाद्या चांगल्या वर्षावर घर बांधतात. दोन्हीकडे गोष्ट एकच आहे. हा पैसा एकदाच येतो. फुटलेले अंगण उकरून पुन्हा करायला दुसरा मोबदला मिळत नाही.

प्रथम मोजमाप समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. आपल्याकडे वाळू, खडी, काँक्रीट ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा बाय दहाची खोली बारा इंच भरली की एक ब्रास झाला. तीच खोली चार इंच भरली तर तिसरा हिस्सा ब्रास, सहा इंच भरली तर अर्धा ब्रास. एवढे लक्षात ठेवले तर कागद-पेन्सिलीशिवाय हिशेब करता येतो. शहरातून तयार काँक्रीटची गाडी मागवली तर ते लोक घनमीटरमध्ये बोलतात. एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, म्हणून एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर.

आता एका ब्रास काँक्रीटला माल किती लागतो ते पाहू. १:२:४ प्रमाणाला सिमेंटच्या सुमारे १८ गोण्या, ४४ घनफूट वाळू आणि ८८ घनफूट खडी लागते. १:१॥:३ प्रमाणाला, ज्याला ढोबळपणे एम-२० म्हणतात, सुमारे २३ गोण्या, ४२ घनफूट वाळू आणि ८४ घनफूट खडी. वाळू-खडीची बेरीज शंभराच्या वर जाते याचे नवल वाटू देऊ नका. खडीच्या फटीत वाळू बसते आणि वाळूच्या फटीत सिमेंट, म्हणून कालवल्यावर माल आटतो.

उदाहरणादाखल ३० बाय २० फुटांचे अंगण घेऊ, म्हणजे ६०० चौरस फूट. चार इंच जाडी धरली तर बरोबर दोन ब्रास काँक्रीट. भाव गावोगाव वेगळे आहेत आणि हंगामागणिक बदलतात, तेव्हा हिशेबापुरते सिमेंट गोणीला ३५० रुपये, वाळू ब्रासला ५,००० आणि खडी ब्रासला ३,५०० रुपये धरू. आपण आपल्या गावचा भाव घालून हाच हिशेब करावा. १:२:४ ने केले तर ३६ गोण्यांचे १२,६००, वाळूचे ४,४०० आणि खडीचे ६,१६० मिळून २३,१६० रुपयांचा माल लागतो. १:१॥:३ ने केले तर ४६ गोण्यांचे १६,१००, वाळूचे ४,२०० आणि खडीचे ५,८८० मिळून २६,१८० रुपये. फरक तीन हजार वीस रुपयांचा. चौरस फुटाला पाच रुपये!

हे पाच रुपये वाचवण्यासाठी घासाघीस होते आणि त्याच अंगणावर ठशाची रंगीत नक्षी काढायला याच्या कितीतरी पट रक्कम बिनबोभाट दिली जाते. माझा सगळा रोख या एका विसंगतीवर आहे.

सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. दुकानदाराकडून भाव घेताना तो करासह आहे की कराशिवाय, हे विचारून घ्यावे आणि पक्के बिल घ्यावे.

जाडीचेही असेच आहे, किंबहुना जाडी सिमेंटपेक्षा महत्त्वाची. ओझ्याखाली वाकताना काँक्रीटच्या थराची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. चार इंचांचे पाच इंच केले तर माल चौथाईने वाढतो, वरच्या हिशेबाने चौरस फुटाला अकरा रुपयांच्या आसपास, पण ताकद दीडपटीहून जास्त होते. उलट चार इंच ठरवून प्रत्यक्षात तीन इंच पडले तर ताकद जवळजवळ निम्मी झाली असे समजा. आणि तीन इंच पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. ६०० चौरस फुटांवर एक इंच कमी पडला की अर्धा ब्रास काँक्रीट वाचते, म्हणजे अकरा गोण्या सिमेंट. माल त्याचा असेल तर ते ठेकेदाराच्या खिशात जाते. काम चालू असताना लोखंडी गज घेऊन ओल्या काँक्रीटमध्ये पाच-सहा ठिकाणी तळापर्यंत खुपसून पाहावे. याला कोणाची परवानगी लागत नाही. माणसे, जनावरे, मोटारसायकल एवढीच वर्दळ असेल तर चार इंच पुरतात. भरलेली ट्रॉली किंवा उसाची गाडी अंगणात येणार असेल तर सहा इंचांखाली जाऊ नये, आणि सगळ्या अंगणाला सहा इंच परवडत नसतील तर गाडीच्या वाटेचा पट्टा तेवढा सहा इंच करावा.

आता खालची जमीन. मराठवाड्यात अंगण आणि घरातली फरशी फुटते तेव्हा दोष बहुधा खालच्या काळ्या मातीचा असतो. कपाशीची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. उन्हाळ्यात आपल्या शेतातल्या भेगेत हात जातो. हीच माती चार इंच काँक्रीटखाली ठेवली तर ती वर-खाली होणारच, आणि तिच्या ताकदीपुढे वर कोटा असो की संगमरवर, काही टिकत नाही. जेथे काळ्या मातीचा थर दोन-तीन फूट आहे तेथे ती सगळी काढून टाकावी. ती शेतात नेऊन पसरावी, तेथे तिची किंमत आहे. खड्ड्यात चांगला मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी भरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकावा. एकदम दोन फूट मुरूम ओतून वरून ट्रॅक्टर फिरवला म्हणजे भराव बसला असे होत नाही. वरचे सहा इंच तेवढे बसतात आणि बाकीचा पहिल्या दोन पावसाळ्यांत आपोआप बसतो, फरशीला बरोबर घेऊन.

जेथे काळी माती खोल आहे आणि ती काढणे शक्य नाही, तेथे घराच्या पायासाठी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. अशा जमिनीत खाली फुगवटा असलेले खांबपाये घेण्याची पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली आणि ती जुनी झालेली, पारखलेली आहे. अंगणाचे म्हणाल तर अशा ठिकाणी मी अखंड काँक्रीटऐवजी पेव्हर ब्लॉक सुचवीन. जमीन हलली तर ब्लॉक उचलावेत, खालची कच सारखी करावी आणि तेच ब्लॉक परत बसवावेत. चालण्यापुरते ६० मिलिमीटरचे, गाडीसाठी ८० मिलिमीटरचे. त्यांवर धान्य मात्र वाळवता येत नाही, दाणे सांध्यांत जातात. घराच्या भिंतीला लागून तीन फूट रुंदीचा उताराचा पट्टा सर्व बाजूंनी केला तर पावळीचे पाणी पायाशी मुरत नाही. हा पट्टा स्वस्त आहे आणि घरातली निम्मी दुखणी तो टाळतो.

वाळूबद्दल थोडे. गोदावरीची वाळू आता सहज मिळत नाही, मिळाली तर महाग आणि पुष्कळदा गाळाची. काचेच्या ग्लासात निम्म्याच्या वर वाळू घ्यावी, मीठ घातलेले पाणी ओतून हलवावे आणि दोन-तीन तास ठेवावे. वाळूवर गाळाचा थर बसतो. वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून तो जास्त असेल तर वाळू धुऊन घ्यावी किंवा परत करावी. क्रश सँड वापरण्यास हरकत नाही, मात्र धुतलेली, खास काँक्रीटसाठी तयार केलेली घ्यावी. क्रशरखालची भुकटी क्रश सँडच्या नावाने ट्रॉलीत येते, ती नको. खडीची आपल्याला वाण नाही. वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली तोच बसाल्ट आपली खडी देतो, आणि काँक्रीटला तो उत्तम. चपट्या चिपा जास्त नसाव्यात एवढे पाहावे.

आणि पाणी. चांगल्या मालाची माती सर्वात जास्त कोण करत असेल तर ते जादा पाणी. भारतीय मानक ४५६ मध्ये एम-२० च्या प्रमाणाला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे, म्हणजे दोन घागरींच्या आसपास. त्यात ओल्या वाळूतले पाणीही आले. कामावर मात्र माल सरसर पसरावा म्हणून पाइपच सोडला जातो. पातळ माल ओढायला सोपा असतो हे खरे, पण जादाचे पाणी उडून गेल्यावर तेथे पोकळी राहते, आणि ती पोकळी पुढे भेग होते. तयार काँक्रीटच्या गाडीतही पाणी घालू देऊ नये. गाडी प्लँटवरून निघाल्यापासून दोन तासांत रिकामी व्हावी. वाळूज, चिकलठाण्याच्या बाजूने आपले गाव फार आत असेल आणि रस्ता खराब असेल तर घरचा मिक्सरच बरा.

आता पृष्ठभागाकडे वळू. येथे मी आपल्या शहरातल्याच एका इमारतीचे उदाहरण देतो. बीबी का मकबरा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो सतराव्या शतकातला. ताजमहालाशी तुलना करून त्याला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, पण खर्चाचा विचार करणाऱ्याने तो एकदा नीट पाहावा. मुख्य इमारतीला संगमरवर आहे तो खालच्या भागात, हात लागतो त्या उंचीपर्यंत, आणि वर घुमटाला. मधला सगळा भाग आपल्या काळ्या दगडाचा, आणि त्यावर घोटून चकचकीत केलेला चुन्याचा गिलावा व नक्षी. या इमारतीला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आल्याची नोंद जुन्या तवारिखेत सांगितली जाते. सात आण्यांपर्यंत हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी महाग दगड कोठे लावायचा आणि कोठे नाही हे ठरवून केलेले दिसते. जेथे हात लागतो आणि जेथे लांबून नजर जाते तेथे संगमरवर, बाकी गिलावा. त्या गिलाव्याची डागडुजी आजही करावी लागते, ही त्या बचतीची दुसरी बाजू. आपल्या घरातही प्रत्येक जागेला हाच प्रश्न विचारावा : येथे काय घासले जाणार, काय सांडणार, कोण चालणार?

खळ्यापासून सुरुवात करतो, कारण फुलंब्री, सिल्लोड, कन्नडकडे मका वाळवायला अंगणच वापरतात. वाळवणाच्या जागेला रंध्याने केलेला सपाट, किंचित खरखरीत पृष्ठभाग सर्वात चांगला. वरून लोखंडी थापीचा एक हलका हात पुरे. झाडूने रेघा ओढलेला पृष्ठभाग दिसायला बरा असतो, पण त्या रेघांत ज्वारी-बाजरीचे दाणे अडकतात आणि फावड्याने ओढताना त्रास होतो. धुतलेल्या खडीची फरशी, जी शहरातल्या बंगल्यांपुढे दिसते, ती वाळवणाला बिलकुल नको. उतार आठ फुटांना एक इंच पुरेसा आहे. अवकाळी पाऊस आला तर पाणी दाण्याखाली थांबत नाही.

गोठ्यात याच्या उलट. तेथे गुळगुळीत कोबा करणे म्हणजे गायीचा पाय मोडण्याची तयारी. शेण-मुताने ओला झालेला घोटलेला कोबा जनावराला बर्फासारखा होतो. एकदा घसरलेली गाय पुढे उठताना-बसताना बिचकते, आणि गाभण जनावराचे तर विचारूच नका. काँक्रीट ओले असतानाच तीन ते चार इंचांच्या अंतराने बोटभर रुंद, सुमारे एक सेंटिमीटर खोल अशा खाचा ओढाव्यात, किंवा खराट्याने खोल रेघा माराव्यात. उतार मूत्रनालीकडे चार-पाच फुटांना एक इंच. गव्हाण मात्र आतून गुळगुळीत असावी, म्हणजे खाद्य चिकटून आंबत नाही. मूत्रनालीच्या आणि मुरघासाच्या खड्ड्याच्या काँक्रीटमध्ये सिमेंटची काटकसर करू नये. मुरघासाचा रस आंबट असतो आणि तो काँक्रीट खातो. रासायनिक खताचेही तसेच. अमोनियम सल्फेटसारखी खते ओल धरून सिमेंटची जमीन पोखरतात. खताच्या गोण्या लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात, खताचे आणि जमिनीचे दोन्हींचे नुकसान टळते.

ओटा आणि पडवी यांसाठी शहाबादी फरशीला मी आजही पहिला मान देतो. कलबुर्गीकडची ही फरशी आपल्याला तुलनेने जवळची आहे. ती पायाला थंड लागते, घासली तर उजळते, आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते. ती चुनखडीच्या जातीची आहे. म्हणून सिमेंटचे डाग काढायला तिच्यावर ॲसिड ओतू नये, कांती जाते ती परत येत नाही. कोट्यालाही हेच लागू. डाग पडू न देणे हाच उपाय, दर्जा भरून झाले की लगेच ओल्या फडक्याने पुसावे.

घरात आता जिकडे तिकडे चकचकीत मोठ्या टाइल्स बसतात. बैठकीत बसवा, माझी हरकत नाही. पण न्हाणीत, मोरीत आणि पायऱ्यांवर त्या नकोत. घरातली म्हातारी माणसे तेथेच पडतात. या जागांसाठी खरखरीत टाइल किंवा न घासलेली शहाबादी घ्यावी, ती स्वस्तही पडते. टाइलच्या दुकानात जाताना मुलांना न्या, पण आजीलाही न्या आणि नमुना ओला करून तिला त्यावर पाय ठेवायला सांगा.

कोबा आपल्याकडे जुना आणि चांगला आहे, पण तो आता नीट करणारे हात कमी झाले. कोबा खालच्या काँक्रीटवर करताना जुना पृष्ठभाग टोचून, धुऊन, त्यावर सिमेंटचे पाणी मारून मगच माल टाकावा, नाहीतर तो पोकळ वाजतो. चार बाय चार फुटांच्या आसपास काचेच्या पट्ट्या टाकून तुकडे पाडावेत. लाल रंग हवा असेल तर सिमेंट आणि ऑक्साइड सगळ्या खोलीपुरते एकदमच कोरडे कालवून ठेवावे. घमेल्यागणिक अंदाजाने रंग टाकला की प्रत्येक चौकोन वेगळा दिसतो. रंगाचे प्रमाण सिमेंटच्या दहा टक्क्यांवर नेऊ नये. एक वाईट सवय येथे सांगितलीच पाहिजे. काँक्रीटवर पाणी वर आले की मिस्त्री त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरतो आणि लगेच थापी फिरवतो. पृष्ठभाग आरशासारखा होतो, मालक खूष होतो. पण ते वरचे कातडे खालच्या थराशी एकजीव झालेले नसते. वर्षभरात त्याचे पोपडे निघतात आणि रोज केर काढताना सिमेंटची पूड निघत राहते. वर आलेले पाणी आपोआप आटू द्यावे, नंतरच घोटावे. या कामात घाई करणारा कारागीर कितीही कुशल असला तरी उपयोगाचा नाही.

मोठ्या जागेला ट्रिमिक्स, म्हणजे काँक्रीटमधले जादा पाणी यंत्राने शोषून वर चक्रीने घोटलेले काम, चांगले होते. पण त्याची यंत्रे आणि माणसे आणण्याचा खर्च लहान अंगणाला पेलत नाही. दोन-चार शेजाऱ्यांनी एकाच आठवड्यात कामे काढली तर गोष्ट वेगळी.

ठशाच्या रंगीत काँक्रीटचा उल्लेख मी सुरुवातीला केला. ते वाईट नाही. मात्र त्याची चमक वरच्या लेपाची असते. हा लेप दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, ओला झाला की तो निसरडा होतो, आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली नक्षी झिजते. फुटले तर त्याच रंगाचे ठिगळ लागत नाही. हौस असेल तर दारासमोरचा दहा बाय दहाचा तुकडा करावा आणि बाकी अंगण साधे ठेवावे.

आणखी एक गोष्ट, जी सिमेंट विकणारा कोणी सांगणार नाही. सगळे अंगण काँक्रीटचे करण्याची गरजच नसते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेले काँक्रीट अर्ध्या रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते आणि अंगणात बाज टाकून झोपण्याचे सुख जाते. लिंबाच्या बुडाशी चार-पाच फूट माती मोकळी ठेवावी. एका कोपऱ्याला शेणाने सारवलेली जमीन राहू द्यावी. अंगणाचे पाणी गटारीत सोडण्यापेक्षा शोषखड्ड्यात किंवा परसातल्या झाडांना द्यावे. ६०० चौरस फुटांऐवजी ४०० चौरस फूट केले तर वाचलेल्या पैशात जाडी सहा इंच होते. हिशेब करून पाहा, दोन्हीला दोनच ब्रास लागतात.

पैशाची ओढाताण झाली तर कोणत्या क्रमाने काटछाट करावी, हे मला नेहमी विचारले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले ते आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, यांनी हजारो माणसे झोपेत गाडली. त्या भिंतींना एकत्र बांधून ठेवणारे आडवे पट्टे नव्हते. जोत्याला, दरवाजा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली लोखंड घातलेले काँक्रीटचे सलग पट्टे भिंतींना कंबरपट्ट्यासारखे धरतात, आणि घराच्या एकूण खर्चात त्यांचा वाटा लहान असतो. तेव्हा पट्टे, स्लॅबचे लोखंड, भराव आणि जाडी यांना हात लावायचा नाही. टाइल, रंग, छतावरची नक्षी, कठड्याचे स्टील हे सगळे पुढच्या वर्षीच्या पिकावर होऊ शकते. घरकुल योजनेतून घर करणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी केंद्र-राज्य मिळून मूळ रक्कम १ लाख २० हजार आणि घर किमान २५ चौरस मीटरचे. त्या रकमेत आधी घर उभे राहिले पाहिजे. जमीन साधी रंध्याची ठेवली तर तिच्यावर पुढे केव्हाही फरशी बसवता येते. घोटून गुळगुळीत केली तर फरशी बसवताना ती टोचावी लागते, हा साध्या पृष्ठभागाचा आणखी एक फायदा.

ठेकेदाराशी बोलणी झाली की एका कागदावर लिहून घ्यावे : जाडी किती इंच, प्रमाण काय, खालचा मुरूम आणि सोलिंग कोणाचे, सांधे किती फुटांवर, पृष्ठभाग कोणता, पाणी कोण मारणार. दहावा हिस्सा रक्कम अठ्ठावीस दिवसांनंतर द्यायची असेही त्यात लिहावे. चांगला कारागीर याला नाराज होत नाही. सांध्यांबद्दल सांगायचे तर काँक्रीट सुकताना आकसतेच, ते थांबवता येत नाही. ते कोठे फाटावे एवढे आपल्या हातात असते. चार इंच जाडीला आठ ते दहा फुटांवर सांधा द्यावा. पट्ट्या लावून चौकोन एकाआड एक भरणे ही सोपी रीत. नाहीतर काँक्रीट कोवळे असताना, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, जाडीच्या चौथाई खोलीचा काप यंत्राने घ्यावा. आठवड्याने काप घेणारा आधीच पडलेल्या भेगांच्या शेजारी रेघा ओढत असतो.

कामाचा हंगाम दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा चांगला. एप्रिल-मेच्या उन्हात, वारा सुटलेला असताना काँक्रीट टाकले तर वरचा थर तासाभरात कोरडा पडून जाळीसारखा तडकतो. उन्हाळ्यातच करायचे झाले तर पहाटे सुरू करून नऊ-दहापर्यंत संपवावे, आणि टाकलेला भाग लगेच ओल्या बारदानाने झाकत जावे. दुसऱ्या दिवशी कांद्याला करतो तसे मातीचे वाफे बांधून दोन बोटे पाणी उभे करावे. बाजारात आता बहुतेक मिश्र सिमेंट मिळते, त्याला किमान दहा दिवस आणि कडक उन्हात दोन आठवडे पाणी लागते. पाण्याची टंचाई असेल तर उसाचे पाचट किंवा जुने बारदान पसरून त्यावर प्लास्टिकचा कागद घालावा, म्हणजे दिवसातून दोन वेळा शिंपडले तरी ओल टिकते. पाणी पिण्याजोगे असावे. खारट बोअरचे पाणी निदान लोखंड असलेल्या कामाला वापरू नये. तीन-चार दिवसांनी माणसांनी त्यावरून चालायला हरकत नाही, दोन आठवड्यांनी मका पसरावा, आणि भरलेली ट्रॉली मात्र अठ्ठावीस दिवस फाटकाबाहेरच उभी करावी, घाई कितीही असली तरी.